गप्प सर्व्हरची किती वाट पाहायची?

घरातल्या दोन संगणकांमध्ये टीसीपीची, म्हणजे इंटरनेटवर मजकूर नेण्याच्या मूळ नियमांनुसारची, एक जोडणी उघडावी, दोन्हीकडून काहीही पाठवू नये आणि एकाची नेटवर्क केबल उपसून बाजूला ठेवावी. तासाभरानं केबल परत खोचावी आणि एक अक्षर पाठवून पाहावं. संगणकाचा नेटवर्कवरचा पत्ता बदललेला नसेल, तर ते अक्षर पलीकडे बिनबोभाट पोहोचतं. तासभर तार जोडलेलीच नव्हती, पण जोडणी शाबूत राहिली. मधे काही घडलं याची त्या जोडणीला खबरही नसते.

मला हे आजही विलक्षण वाटतं. ही जोडणी तारेत कधी नव्हतीच, ती दोन यंत्रांच्या स्मरणात होती. एका बाजूच्या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये एक नोंद असते: अमुक पत्त्याच्या अमुक पोर्टशी बोलणं चालू आहे, या बाइटपर्यंत पाठवलं, या बाइटपर्यंत मिळालं. दुसऱ्या बाजूला तशीच दुसरी नोंद. त्या दोन नोंदी एकमेकींशी जुळतात तोवर जोडणी आहे, आणि तिचं सगळं अस्तित्व एवढंच.

आपल्या ईमेलच्या प्रोग्रामचं ‘सिंक चालू आहे’चं चाक कधी कधी फिरतच राहतं. चूक झाल्याचा संदेश येत नाही आणि पत्रंही येत नाहीत. त्याचं मूळ इथे आहे. प्रोग्रामच्या बाजूची नोंद जिवंत असते, पलीकडची नोंद केव्हाच पुसली गेलेली असते, आणि हे त्याला सांगायला वाटेत कोणीही बसलेलं नसतं.

दोन टोकांवरचा विश्वास

ही रचना जाणूनबुजून केलेली आहे. विंट सर्फ आणि बॉब कान यांनी १९७४ साली वेगवेगळी नेटवर्कं एकमेकांना कशी जोडावीत याबद्दलचा आपला निबंध प्रसिद्ध केला, आणि सप्टेंबर १९८१मध्ये टीसीपीचे नियम आरएफसी ७९३ या दस्तऐवजात पक्के झाले. आरएफसी म्हणजे इंटरनेटचे नियम ज्यात लिहिले जातात ती क्रमांकवार कागदपत्रं. या रचनेमागचा विचार डेव्हिड क्लार्क यांनी १९८८च्या एका लेखात उलगडून सांगितला. मधला एखादा राउटर बंद पडला, उद्ध्वस्त झाला, तरी चालू असलेलं संभाषण तुटू नये, हा हेतू होता. म्हणून संभाषणाची आठवण मधल्या यंत्रांकडे ठेवलीच नाही. ती दोन टोकांकडे ठेवली. टोकाचं यंत्रच गेलं तरच ती आठवण जाईल, आणि तेव्हा तिचा उपयोगही उरलेला नसेल.

या निर्णयानं इंटरनेटला कमालीची चिवटता दिली. मजकुराचे तुकडे, म्हणजे पॅकेटं, एका वाटेनं अडली तर दुसऱ्या वाटेनं जातात आणि टोकांना त्याचा पत्ता लागत नाही. पण याच निर्णयाची दुसरी बाजू अशी, की पलीकडचं टोक नाहीसं झालं तरी ते कळवण्याची जबाबदारी कोणावरच नाही. टोकानं स्वतःच ओळखायचं. आणि ओळखायचं कशावरून? केवळ शांततेवरून.

शांततेचे दोन अर्थ

ईमेलच्या बाबतीत ही अडचण आणखी टोकदार होते. मार्क क्रिस्पिन यांनी १९८६ साली स्टॅनफर्ड विद्यापीठात आयमॅप या प्रोटोकॉलची, म्हणजे संवादाच्या नियमांची, आखणी केली. पत्रं सर्व्हरवरच राहतील आणि आपलं यंत्र त्यांची विचारपूस करत राहील, ही त्यामागची कल्पना. आज थंडरबर्डसारखे प्रोग्राम हीच भाषा बोलतात. आपली सगळी पत्रं स्वतःच्या डिस्कवर हवीत असा आग्रह असणारे लोक ऑफलाइनआयमॅप किंवा एमबीसिंक वापरतात. हे प्रोग्रामही याच भाषेवर चालतात.

हे संभाषण जवळून पाहण्यासारखं असतं. प्रोग्राम प्रत्येक आज्ञेला एक खूणक्रमांक लावतो. ‘ए१’ लॉगिन. ‘ए२’ इनबॉक्स उघड. ‘ए३’ अमुक क्रमांकाचं पत्र दे. सर्व्हर पत्राचा मजकूर पाठवतो आणि शेवटी त्याच खुणेची ओळ लिहितो: ‘ए३ ओके’. ती ओळ येईपर्यंत काम पुरं झालेलं नसतं. सर्व्हरला एखादा हजारो पत्रांचा फोल्डर धुंडाळायचा असेल तर उत्तराला वेळ लागतो, आणि तोवर प्रोग्राम गप्प बसून वाट पाहतो. यात गैर काही नाही.

जून १९९७मध्ये बॅरी लायबा यांच्या आरएफसी २१७७नं यात ‘आयडल’ नावाची आज्ञा आणली. दर पाच मिनिटांनी ‘नवीन पत्र आलं का?’ असं विचारत बसण्यापेक्षा प्रोग्रामनं एकदाच सांगायचं: आता मी थांबतो, काही आलं तर तूच सांग. त्यानंतर दोघंही गप्प. पत्र आलं की सर्व्हर एक ओळ पाठवतो आणि क्षणात ते आपल्यासमोर उमटतं. काय सुंदर सोय आहे ही! पण तिच्यामुळे शांतता हीच निरोगी अवस्था झाली. काही ऐकू येत नाही याचा अर्थ ‘नवीन पत्र नाही, सगळं ठीक आहे’ असा. आणि सर्व्हर मेला असेल, पलीकडची नोंद पुसली गेली असेल, तरीही नेमकं हेच ऐकू येतं, म्हणजे काहीच नाही.

बोगद्यातलं पत्र

मुंबई-पुणे गाडी कर्जत सोडून घाटात शिरली की बोगद्यांमध्ये मोबाइलचं नेट जातं. समजा लॅपटॉप फोनच्या हॉटस्पॉटवर आहे आणि मेल सिंक होत आहे. नेट कोणत्या क्षणी गेलं त्यावर पुढचं सगळं ठरतं.

पहिली शक्यता अशी, की ‘पत्र दे’ ही आज्ञा निघाली आणि त्याच वेळी बोगदा आला. टीसीपीमध्ये पाठवलेल्या प्रत्येक बाइटची पोच यावी लागते. पोच आली नाही की ऑपरेटिंग सिस्टिम तोच मजकूर पुन्हा पाठवते, आणि दर वेळी आधीपेक्षा दुप्पट थांबते. लिनक्सवर सगळ्यात कमी म्हणजे ०.२ सेकंदापासून सुरुवात धरली तर पुढचे थांबे ०.४, ०.८, १.६ असे वाढत जातात, १०२.४ सेकंदांपर्यंत पोहोचतात आणि नंतर १२० सेकंदांवर स्थिरावतात. १५ वेळा पुन्हा पाठवूनही पोच आली नाही, तर सिस्टिम हात टेकते. ही सगळी बेरीज ९२४.६ सेकंद, म्हणजे साधारण साडेपंधरा मिनिटं होते.

हे दुप्पट थांबणं अनुभवातून आलं आहे. ऑक्टोबर १९८६मध्ये लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा आणि कॅलिफोर्निया विद्यापीठाचा बर्कली परिसर यांच्यातला वेग सेकंदाला ३२,००० बिटांवरून ४० बिटांवर कोसळला. दोन ठिकाणांमधलं अंतर अवघं ४०० यार्ड. गर्दीत पोच यायला उशीर झाला की प्रत्येक यंत्र तोच मजकूर पुन्हा ओतत होतं आणि गर्दी आणखी वाढत होती. व्हॅन जेकबसन यांनी १९८८ साली मांडलेल्या उपायांमध्ये थांबे दुपटीनं वाढवत नेण्याचाही समावेश होता. आज इंटरनेट कोलमडत नाही याचं बरंच श्रेय या सक्तीच्या संयमाला आहे.

आता दुसरी शक्यता. आज्ञा सर्व्हरला पोहोचली, तिची पोचही परत आली, आणि मग बोगदा आला. आता आपल्या बाजूचं काहीच बाकी नाही. पोच यायची राहिलेली नाही, म्हणून पुन्हा पाठवण्यासारखंही काही नाही. सर्व्हर मात्र पत्राचा मजकूर पाठवतो, पोच येत नाही म्हणून पुन्हा पाठवतो, आणि पाव तासाच्या आसपास कंटाळून आपली नोंद पुसून टाकतो. त्याआधी गाडी बोगद्यातून बाहेर पडली आणि फोनचा पत्ता तोच राहिला, तर सर्व्हरचा पुढचा प्रयत्न लागू पडतो आणि पत्र अवतरतं. पण पत्ता बदलला असेल, तर सर्व्हरचे सगळे प्रयत्न जुन्या पत्त्यावर जाऊन विरतात. इकडे लॅपटॉप वाचायला बसलेला. त्याच्या वाट पाहण्याला कोणतीही मर्यादा नाही. पाव तास नाही, दोन तास नाही, एक दिवसही नाही. टीसीपीच्या नियमांत अशा जोडणीला अर्धी उघडी म्हटलं आहे: एका टोकाला ती आहे, दुसऱ्या टोकाला नाही.

यावर टीसीपीपाशी ‘कीप-अलाइव्ह’ नावाचा इलाज आहे. फोनवर पलीकडून बराच वेळ आवाज आला नाही की आपण ‘हॅलो, ऐकू येतंय ना?’ म्हणतो, तसं ऑपरेटिंग सिस्टिमनं एक रिकामं पॅकेट पाठवून पलीकडची पोच मागायची. पण ऑक्टोबर १९८९च्या आरएफसी ११२२नं हे बंद ठेवूनच द्यायला सांगितलं, आणि कोणी चालू केलंच तर मुळातली मुदत दोन तासांपेक्षा कमी नको असं बजावलं. कारणंही दिली. थोड्या वेळापुरतं नेट गेलं असेल तर चांगली जोडणी विनाकारण मोडेल, बँडविड्थ वाया जाईल, आणि जिथे पॅकेटामागे पैसे पडतात तिथे खर्च वाढेल. लिनक्समध्ये आजही तेच आकडे आहेत: ७,२०० सेकंद शांतता, मग ७५ सेकंदांच्या अंतरानं ९ हाका. म्हणजे पलीकडे कोणी नाही हे कळायला २ तास ११ मिनिटं १५ सेकंद. पत्राची वाट पाहणाऱ्या माणसाला हा काळ फारच मोठा आहे.

वाटेतल्या यंत्रांचं विसरणं

मधल्या यंत्रांनी काही लक्षात ठेवू नये, हे मूळचं तत्त्व पुढे मोडावं लागलं. इंटरनेटच्या चौथ्या आवृत्तीत सुमारे ४३० कोटीच पत्ते आहेत आणि यंत्रं त्याहून जास्त. मग घरचा राउटर किंवा मोबाइल कंपनीची यंत्रणा अनेक यंत्रांना एकाच पत्त्यामागे बसवते आणि कोणतं पॅकेट कोणाचं याचा तक्ता ठेवते. या सोयीला नॅट म्हणतात. तक्ता मर्यादित असतो, म्हणून ज्या जोडणीवर बराच वेळ हालचाल नाही तिची ओळ खोडली जाते. खोडताना दोन्ही टोकांपैकी कोणालाही कळवलंच पाहिजे असं नाही.

२००८च्या आरएफसी ५३८२नं सांगितलं, की चालू जोडणीची ओळ किमान २ तास ४ मिनिटं तरी पुसू नका. हा चमत्कारिक वाटणारा आकडा आरएफसी ११२२च्या दोन तासांवर चार मिनिटांची सवलत देऊन आला आहे. प्रत्यक्षात मुदती कितीतरी आखूड असतात. ॲमेझॉनच्या क्लाउडमधलं नॅट गेटवे ३५० सेकंदांच्या शांततेनंतर जोडणी विसरतं. मायक्रोसॉफ्टच्या ॲझ्युअरमधल्या लोड बॅलन्सरची मूळ मुदत चार मिनिटं आहे. उलट आयमॅपचे नियम म्हणतात, की सर्व्हरनं गप्प ग्राहकाला, म्हणजे आपल्या प्रोग्रामला, किमान ३० मिनिटं तरी बाहेर काढू नये, आणि म्हणून ‘आयडल’वर बसलेल्या प्रोग्रामनं निदान दर २९ मिनिटांनी ती आज्ञा नव्यानं द्यावी. नियम लिहिणाऱ्यांनी फक्त दोन टोकांचा हिशेब केला होता. वाटेतलं विसरणं त्या हिशेबात नव्हतं.

याला सर्व्हरच्या बाजूनं मिळालेलं उत्तर मला फार आवडतं. डवकॉट या बहुप्रचलित आयमॅप सर्व्हरमध्ये, ‘आयडल’वर बसलेल्या ग्राहकाला दर दोन मिनिटांनी एक छोटी ओळ पाठवण्याची मुळातच सोय आहे. ओळीचा आशय इतकाच, की मी अजून इथे आहे. तिच्यात एकही पत्र नसतं, पण ती जाताजाता वाटेतल्या प्रत्येक तक्त्यातली नोंद ताजी करते आणि ग्राहकालाही शांततेचा अर्थ लावायला आधार देते. दोन मिनिटांनी येणारी ओळ पाच मिनिटं आली नाही, तर काहीतरी बिघडलं आहे.

मोबाइलवर मात्र अशी प्रत्येक ओळ रेडिओला जागं करते आणि बॅटरी खाते. म्हणून मायक्रोसॉफ्टच्या एक्स्चेंज ॲक्टिव्हसिंकनं वेगळी युक्ती योजली. फोन सर्व्हरला सांगतो, ‘इतकी मिनिटं माझी विनंती धरून ठेव.’ तेवढा वेळ जोडणी टिकली तर पुढच्या वेळी मुदत वाढवतो, मधेच तुटली तर कमी करतो. असं चाचपडत तो त्या नेटवर्कच्या विसरण्याची मुदत शोधून काढतो. कोणत्याही राउटरनं आपली मुदत त्याला सांगितलेली नसते, तरी ती त्याला उमगते.

जे कळूच शकत नाही

इथे एक मूलभूत गोष्ट येते. पलीकडचं यंत्र संथ आहे की मेलं आहे, हे इकडे बसून नक्की सांगता येत नाही, आणि हा दोष सॉफ्टवेअरच्या कच्चेपणाचा नाही. १९८५ साली मायकेल फिशर, नॅन्सी लिंच आणि मायकेल पॅटरसन यांनी गणितानं दाखवून दिलं, की निरोपाला किती वेळ लागेल याची काहीच मर्यादा नसेल, तर एक यंत्र बंद पडण्याची नुसती शक्यताही उरलेल्यांच्या एकमताची हमी काढून घ्यायला पुरते. त्या सिद्धतेच्या मुळाशी हीच अडचण आहे: फार संथ आणि पूर्ण थांबलेलं यांच्यात बाहेरून फरक करता येत नाही.

म्हणजे टाइमआउटचा, किती वेळ थांबून हात टेकायचे त्याचा, आकडा हा नेहमी अंदाजच असतो. ऑफलाइनआयमॅप हा जॉन गोअरझेन यांनी २००२ साली सुरू केलेला प्रोग्राम. त्याच्या नमुना कॉन्फिगरेशनमध्ये मोकळेपणानं लिहिलं आहे, की ऑपरेटिंग सिस्टिमला बिघाड कळायला कधी कधी अनंतकाळ लागू शकतो. म्हणून त्यात जोडणीवर टाइमआउट घालण्याची सोय आहे आणि ३० ते १२० सेकंद हा आकडा वाजवी म्हटला आहे. पण मुळात तो बंद असतो, वापरणाऱ्यानं स्वतः चालू करायचा. एमबीसिंकमध्ये तो सुरुवातीपासूनच २० सेकंद आहे. पायथन भाषेच्या आयमॅप लायब्ररीला तर टाइमआउट द्यायची थेट सोय २०२०मध्ये, ३.९ आवृत्तीत मिळाली.

हा आकडा सबंध सिंकला लागू नसतो. तो दोन हालचालींमधल्या शांततेला लागू असतो. ३० सेकंदांची मर्यादा असली आणि एखादं मोठं पत्र दहा मिनिटं हळूहळू उतरत राहिलं, तरी काही बिघडत नाही, कारण दर थोड्या वेळानं काही बाइट येत असतात. काम किती लांबलं यापेक्षा ते पुढे सरकतंय की नाही, हे मोजलं जातं. ही विभागणी मला फार शहाणपणाची वाटते.

तरीही काही अडचणी कोणत्याही आकड्याला दाद देत नाहीत. त्यातली एक तर थक्क करणारी आहे. लॉगिन होतं, फोल्डरांची यादी येते, छोटी पत्रंही येतात, आणि मोठ्या पत्रापाशी सगळं गोठतं. इथरनेटवर एका पॅकेटात १,५०० बाइट मावतात. काही ब्रॉडबँड जोडण्यांमध्ये त्यातले ८ बाइट वाटेतल्या वेष्टनात जातात आणि १,४९२च उरतात. छोटे संवाद यातून सहज जातात. पत्राचा मजकूर येऊ लागला की सर्व्हर भरगच्च १,५०० बाइटांची पॅकेटं पाठवतो आणि ती अडतात. अडवणाऱ्या राउटरनं ‘पॅकेट फार मोठं आहे’ असं कळवायचं असतं, पण एखादी अतिसावध फायरवॉल तो निरोपच गिळून टाकते. सर्व्हर तेच मोठं पॅकेट पुन्हा पुन्हा पाठवत राहतो. सप्टेंबर २०००च्या आरएफसी २९२३मध्ये या दुखण्याचं वर्णन आहे आणि त्याला कृष्णविवर म्हटलं आहे. इथे टाइमआउट होऊन जोडणी नव्यानं केली तरी त्याच पत्रापाशी पुन्हा अडकते. एकाच ठिकाणी वारंवार अडकणं हेच मग निदान ठरतं.

दुसरी अडचण घड्याळाची. लॅपटॉप मिटला की त्याच्यातला काळही थांबतो. लिनक्समध्ये प्रोग्राम जे ‘मोनोटॉनिक’ घड्याळ वापरतात, ते झोपेतला वेळ मोजत नाही. ‘आयडल’च्या २९ मिनिटांपैकी चार मिनिटं झाली असताना रात्री लॅपटॉप मिटला आणि सकाळी उघडला, तर प्रोग्रामच्या लेखी अजून २५ मिनिटं बाकी असतात. सर्व्हरनं त्याला केव्हाच विसरून टाकलेलं असतं. तो निश्चिंत मनानं एका नसलेल्या जोडणीवर कान लावून बसतो. झोपेचा वेळही मोजणारं ‘बूटटाइम’ घड्याळ लिनक्समध्ये वेगळं आहे. त्याहून सोपा मार्ग म्हणजे जाग आल्याची सूचना ऑपरेटिंग सिस्टिमकडून घ्यावी आणि जुन्या जोडण्या न तपासता सोडून द्याव्यात.

चूक स्वस्त करण्याची कला

अंदाज कधी ना कधी चुकणारच, तर चांगल्या सॉफ्टवेअरची कसोटी कशात आहे? माझ्या मते चूक स्वस्त करण्यात. जोडणी मधेच तोडली तरी काही हरवणार नाही आणि काही दुहेरी होणार नाही, एवढी खात्री असेल तर २० सेकंदांनीही बिनधास्त तोडता येते. खात्री नसेल तर तासभर थांबूनही भीती जात नाही.

यातला कठीण क्षण पाहू. आपण लिहिलेल्या पत्राची प्रत सर्व्हरवरच्या फोल्डरमध्ये चढवायची आहे. मजकूर गेला, आणि ‘ओके’ येण्याआधीच जोडणी गोठली. पत्र चढलं का? पुन्हा चढवावं तर दोन प्रती होतील, न चढवावं तर एकही नसेल. १९७५ साली अक्कोयुनलू, एकनाधम आणि ह्यूबर यांनी मांडलेला आणि पुढे जिम ग्रे यांनी ‘दोन सेनापतीं’च्या नावानं प्रसिद्ध केलेला प्रश्न हाच आहे. हरवू शकणाऱ्या निरोपांच्या जोरावर दोघांची पक्की खात्री कधीच होत नाही. कितीही पोच, पोचेची पोच पाठवली, तरी शेवटचा निरोप पोहोचला का ही शंका उरतेच. पत्र पाठवण्याच्या एसएमटीपी या प्रोटोकॉलनंही हे ओळखलं आहे. म्हणून सबंध मजकूर गेल्यावर सर्व्हरच्या होकारासाठी तब्बल १० मिनिटं थांबायला त्याचे नियम सांगतात. घाई केली तर तेच पत्र दोनदा पोहोचण्याचा धोका असतो.

एमबीसिंकची यावरची तोड बघण्यासारखी आहे. पत्र चढवताना ते त्याच्या शीर्षभागात १२ अक्षरांची एक यादृच्छिक खूण घालतं आणि ती खूण आधी स्वतःच्या जर्नलमध्ये लिहून ठेवतं. जोडणी मेली तरी हरकत नाही. पुढच्या भेटीत ते फोल्डरमधल्या नव्या पत्रांमध्ये ती खूण शोधतं. सापडली तर पत्र चढलं होतं. नाही सापडली तर पुन्हा चढवायचं. ज्या प्रश्नाला त्या क्षणी उत्तरच नव्हतं, तो पुढच्या भेटीवर ढकलला की सुटतो.

उतरवून घेण्याची बाजूही अशीच भक्कम बांधता येते. डॅनियल बर्नस्टाइन यांनी क्यूमेल या मेल सर्व्हरसाठी आखलेल्या मेलडिर या पद्धतीत प्रत्येक पत्राची स्वतंत्र फाइल असते. ती आधी ‘टीएमपी’ या फोल्डरमध्ये लिहिली जाते आणि पूर्ण झाल्यावरच ‘न्यू’मध्ये हलवली जाते. हलवण्याची क्रिया अखंड असते: एक तर झाली, नाही तर नाही. त्यामुळे अर्धं उतरलेलं पत्र इनबॉक्समध्ये कधीच दिसत नाही. शिवाय आयमॅप प्रत्येक पत्राला फोल्डरमधला चढता आणि पुन्हा न वापरला जाणारा क्रमांक देतो, त्यामुळे कुठपर्यंत आलो होतो हे एका आकड्यात सांगता येतं. २०१४च्या आरएफसी ७१६२मधली सोय वापरली तर प्रोग्राम एवढंच म्हणतो: माझा शेवटचा बदल अमुक क्रमांकाचा, त्यानंतर काय आलं, काय पुसलं गेलं, तेवढं सांग. मग जोडणी मोडण्याची किंमत काही क्षणांवर येते.

एक पथ्य मात्र पाळावं लागतं. जोडणी मोडल्यावर लगेच, आणि पुन्हा पुन्हा, सर्व्हरचं दार ठोठावू नये. सर्व्हर नुकताच उठला असेल आणि त्याच सेकंदाला सगळेच ग्राहक धावले, तर तो पुन्हा बसेल. म्हणून दर अपयशानंतर थांबा वाढवायचा आणि त्यात थोडी यादृच्छिक मिनिटं-सेकंदं मिसळायची, म्हणजे सगळे एकदम येत नाहीत. १९८६मध्ये बर्कलीत शिकलेला धडा इथे एक मजला वर पुन्हा लागू पडतो.

आपल्यापैकी जे प्रोग्राम लिहितात त्यांना माझं एक मनापासूनचं सांगणं आहे. नेटवर्कवरून वाचणाऱ्या प्रत्येक ओळीपाशी किती वेळ थांबायचं हा आकडा स्वतः लिहा, तो लायब्ररीवर सोडू नका. आणि चाचणी घेताना सर्व्हरचा प्रोग्राम बंद करून समाधान मानू नका, कारण तेव्हा ऑपरेटिंग सिस्टिम रीतसर निरोप देते आणि चूक लपते. फायरवॉलमध्ये ‘रिजेक्ट’ऐवजी ‘ड्रॉप’चा नियम घालून पॅकेटं मुकाट गिळा, आणि मग आपला प्रोग्राम काय करतो ते पाहा. जे नुसतं मेल वाचतात त्यांनी ‘टाइमआउट’ची सेटिंग एकदा उघडून बघावी, आणि चाक फारच वेळ फिरत राहिलं तर प्रोग्राम निःशंकपणे बंद करून पुन्हा सुरू करावा. नीट बांधलेल्या सॉफ्टवेअरमध्ये त्यानं एकही पत्र हरवत नाही.